गेमच्या सर्व्हरवर महापौर निवडायचा आहे: आधी अधिकार, मग यादी, मतदान त्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातल्या पोरापोरींचा माईनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या गेमचा एक सर्व्हर आहे. व्हाइटलिस्टवर, म्हणजे प्रवेशाच्या यादीत, साठेक नावं, त्यातली चाळीस-पंचेचाळीस नियमित. टाउनी या गावं वसवायच्या प्लगिनवर (सर्व्हरला जोडायच्या पूरक प्रोग्रॅमवर) पाच गावं वसली आहेत आणि त्यांना आपल्या पेठांची नावं आहेत. आता पाचही पेठांवर मिळून एक महापौर हवाय. मतदान डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपच्या पोलवर घेतलं तर चालेल का, आणि निवडून आलेल्याला अधिकार काय द्यायचे?

पोल कुठे घ्यायचा हा प्रश्न आधी सुचतो, पण क्रमाने तो तिसरा. भांडण मोजणीच्या रात्री दिसतं, मूळ मात्र दोनच ठिकाणी असतं: महापौर म्हणजे नेमकं कोण हे ठरलेलं नसतं, नाहीतर मत कोणाला आहे हे ठरलेलं नसतं. म्हणून उत्तर त्याच क्रमाने.

आपल्या महापालिकेचंच उदाहरण घ्या. महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, मुदत अडीच वर्षं, सभागृह तो चालवतो, शहराचा पहिला नागरिक म्हणून मान त्याचा. पण प्रशासन, कर्मचारी आणि बिलांवरची सही आयुक्तांकडे. गेमच्या सर्व्हरवर आयुक्त म्हणजे ज्याच्या खिशातून होस्टिंगचे पैसे जातात तो. कन्सोल त्याच्याकडे, बॅकअप त्याच्याकडे, सर्व्हर बंद करायचं बटण त्याच्याकडे. हे मतदानाने बदलत नाही. नियमांच्या पहिल्या ओळीत हे सरळ लिहून टाका: सर्व्हर अमुक व्यक्तीचा आहे, महापौर त्याने सोपवलेल्या गोष्टींपुरता निवडून येतो, आणि सोपवलेल्या गोष्टींत मालक मुदत संपेपर्यंत हात घालणार नाही. या शेवटच्या कलमावर मालक कचरत असेल तर निवडणूक घेऊच नका. निवडून आलेल्या पोराला तिसऱ्या दिवशी मालकाने झापलं की पुढच्या वेळी अर्ज भरायला कोणी येत नाही.

इतर खेळांत हे कसं बसवलंय ते बघण्यासारखं आहे, कारण प्रत्येकाने वेगळी गाठ मारली आहे. ईव्ह ऑनलाइनमध्ये २००८ पासून खेळाडू आपली एक परिषद निवडतात. मतदान पसंतीक्रमाचं, पण परिषदेचं काम कंपनीला सल्ला देण्यापुरतं. हायपिक्सेलच्या स्कायब्लॉकमध्ये महापौर हा खेळाडू नसतोच. उमेदवार गेमचीच पात्रं, प्रत्येकाबरोबर ठरावीक सवलती, आणि कारकीर्द खेळातल्या एका वर्षाची, म्हणजे आपल्या घड्याळाने १२४ तास. तिथे गैरवापर करायला माणूसच नाही. स्टार वॉर्स गॅलेक्सीज २०११ मध्ये बंद झाला, पण त्यात खेळाडूंनी वसवलेल्या शहरांना निवडून आलेला महापौर असे आणि दर तीन आठवड्यांनी मतदान. अ टेल इन द डेझर्टमध्ये निवडून आलेल्या डेमी-फॅरोला खेळाडूंना कायमचं हाकलण्याचा अधिकार होता, पण मोजून सात जणांना. मला यातली ही शेवटची कल्पना सर्वांत शहाणी वाटते. अधिकार द्यायचाच असेल तर तो मोजता येईल असा द्या: इतके, इतक्या वेळा, इतक्या दिवसांत.

आता टाउनीचं घोडं कुठे पेंड खातं ते. टाउनीत ‘मेयर’ हा शब्द आधीच वापरलेला आहे, आणि तो गावाच्या मालकाला लागतो. ज्याने गाव वसवलं तो मेयर. निवडणुकीची सोय प्लगिनमध्ये नाही. म्हणजे तुमच्याकडे आजच पाच मेयर आहेत. त्यांना नियमांत आणि बोलताना ‘पेठप्रमुख’ म्हणा, आणि ‘महापौर’ हा शब्द निवडून येणाऱ्या एकालाच ठेवा. नावाचा गोंधळ पहिल्याच आठवड्यात अंगाशी येतो.

पाच गावांचं मिळून टाउनीचं ‘नेशन’ करायचं आणि त्याचा प्रमुख निवडायचा, हा मार्ग सोपा दिसतो. तो टाळा. नेशनचा प्रमुख हा राजधानीच्या गावाचा मेयरच असतो. दुसऱ्या पेठेतला उमेदवार जिंकला की राजधानी हलवावी लागते, आणि जो उमेदवार कुठल्याच गावाचा मेयर नाही त्याला ते पद घेताच येत नाही. म्हणजे पाच पेठप्रमुख सोडून बाकी सगळे नियमाने नव्हे, तर प्लगिनमुळे बाद.

दुसरा मार्ग: स्पॉन (खेळाडू पहिल्यांदा उतरतात ती जागा), मुख्य रस्ते, बाजार आणि कार्यक्रमाचं मैदान मिळून सहावं गाव करायचं, ‘महापालिका’ नावाचं. इथेही एक खाच आहे. टाउनीत एक खेळाडू एकाच गावाचा रहिवासी असतो. निवडून आलेल्याला महापालिकेचा मेयर करायचं तर त्याला आपली पेठ सोडावी लागेल, आणि तो पेठप्रमुख असेल तर ते आणखी अवघड. म्हणून सहाव्या गावाचा मेयर अ‍ॅडमिनच्या आज्ञेने एनपीसी ठेवा, म्हणजे नावापुरता यंत्राचा. निवडून आलेल्या महापौराला त्या गावात ‘ट्रस्टेड’ म्हणून जोडा. त्याला तिथे बांधता येतं, तोडता येतं, पण गावच्या बँकेतून पैसे काढता येत नाहीत, कर बदलता येत नाही, गाव मोडता येत नाही. मुदत संपली की ट्रस्टेडमधून नाव काढायचं, काम संपलं.

पैशासाठी खजिनदार वेगळा. टाउनीपर्म्स या टाउनीच्या परवानग्यांच्या फाइलीत ‘खजिनदार’ अशी एक रँक तयार करा आणि बँकेतून काढण्याची परवानगी फक्त तिला द्या. खजिनदार महापालिकेचा रहिवासी होतो, म्हणजे तो कुठल्याच पेठेचा राहत नाही. हा तोटा नाही, फायदाच आहे. महापौर खर्चाचा ठराव डिस्कॉर्डच्या हिशेबाच्या चॅनेलवर टाकतो, खजिनदार रक्कम काढतो. मर्यादा सुरुवातीला आठवड्याला शिलकीच्या १० टक्के ठेवा. त्यापेक्षा मोठा खर्च पाच पेठप्रमुखांपैकी तिघांच्या संमतीने.

सर्व्हरभर दिसणारं पद लकपर्म्स या परवानग्या वाटणाऱ्या प्लगिनमधून द्या, आणि कायमचं नको, मुदतीचं द्या. तात्पुरता गट जोडण्याची आज्ञा आहे, तिच्यात साठ दिवस लिहिले की एकसष्टाव्या दिवशी गट आपोआप गळतो. मावळत्या महापौराला ‘आता उतर’ म्हणायची वेळ येत नाही. या गटात काय असावं? घोषणेची आज्ञा, कार्यक्रमाच्या मैदानावर लोकांना बोलवायची सोय, नावापुढे उपाधी. संपलं. ओपी (सगळ्या आज्ञांचा अधिकार), बॅन, व्हाइटलिस्ट, क्रिएटिव्ह मोड (फुकट अमर्याद सामान), कोअरप्रोटेक्ट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्लगिनचं रोलबॅक यातलं काहीही नाही. रोलबॅकचा मोह विशेष होतो, कारण ‘महापौराला तोडफोड परत नीट करता आली पाहिजे’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण रोलबॅक म्हणजे कोणाचंही बांधकाम मागे फिरवायची आज्ञा. ती मॉडरेटरकडेच राहू दे. काय झालंय ते बघण्याची, म्हणजे लुकअपची परवानगी मात्र महापौरालाच काय, सगळ्या पेठप्रमुखांनाही खुशाल द्या.

डिस्कॉर्डवर महापौराचा रोल मॉडरेटरच्या रोलखाली ठेवा. रोल हाताळायची परवानगी असलेला माणूस स्वतःच्या सर्वांत वरच्या रोलच्या खालचे रोल वाटू शकतो, म्हणून क्रम चुकला की महापौर आपल्या दोस्ताला मॉडरेटर करून बसतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी तर अजिबात नको, ती चॅनेलवरचे सगळे निर्बंध ओलांडून जाते. ऑडिट लॉग, म्हणजे कोणी काय बदललं त्याची नोंद, ४५ दिवसच राहतो आणि तुमची मुदत साठ दिवसांची. म्हणून महिन्यातून एकदा त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मतदार यादी. इथे जरा थांबू, कारण खरी मारामारी इथली आहे.

सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून बघितलेल्या जिल्ह्यात हे फार समजवायला नको. क्रियाशील सभासद कोण, अक्रियाशील कोण, ठराव कोणाच्या नावाने, यावरच अर्धी निवडणूक होते. सर्व्हरवरही निकष असा हवा की कोणीही आकडे उघडून स्वतः तपासू शकेल.

खेळलेला वेळ हा पहिला सुचणारा निकष. माईनक्राफ्ट तो प्रत्येक खेळाडूच्या आकडेवारीच्या फाइलीत टिकमध्ये, म्हणजे गेमच्या घड्याळाच्या ठोक्यांत, नोंदवतं. सेकंदाला २० टिक, म्हणजे तासाला ७२,०००, आणि दहा तासांना ७,२०,०००. अडचण एवढीच की हा आकडा उभा राहिलेल्या वेळेचाही असतो. मासेमारीच्या यंत्रासमोर रात्रभर पात्र उभं करून झोपलेला माणूस सकाळी आठ तासांचा मतदार होतो. म्हणून तासांबरोबर दिवसांची अट जोडा: मागच्या ४५ दिवसांत किमान आठ वेगवेगळ्या दिवशी आलेला, आणि एकूण दहा तास. दोन्ही हव्यात. वेगवेगळ्या आठ दिवशी खोटं पात्र आणून उभं करायला बरीच चिकाटी लागते. तेवढी चिकाटी निवडणुकीसाठी फार थोड्यांकडे असते, आणि असली तर ती लॉगमध्ये दिसते.

पात्रतेची शेवटची तारीख निवडणूक जाहीर करण्याच्या आधीची ठेवा. १० तारखेला घोषणा करत असाल तर यादी १ तारखेच्या स्थितीवर. घोषणेनंतरची तारीख ठेवली की मधल्या दिवसांत भावाचं, मावसभावाचं, वर्गमित्राचं खातं उगवतं.

एक माणूस, एक मत यासाठी खातं ओळखावं लागतं. सर्व्हर ऑनलाइन मोडमध्ये, म्हणजे खातं खरं आहे का ते तपासून आत घेणारा, असेल तर प्रत्येक खात्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) कायम असतो. नाव बदललं तरी तो बदलत नाही, म्हणून यादी यूयूआयडीने करा, नावाने नको. ऑनलाइन मोड बंद असेल तर तिथला यूयूआयडी नावावरूनच तयार होतो. याचा अर्थ नवं नाव टाकलं की नवा माणूस. अशा सर्व्हरवर गेमच्या खात्यावर मतदान आधारायचंच नाही. डिस्कॉर्डचं खातं आणि पेठप्रमुखाची ओळख अशा दोन गोष्टींवर यादी करा. डिस्कॉर्ड खात्याच्या आयडी क्रमांकावरूनच ते खातं कधी उघडलं ते काढता येतं. तीन महिन्यांच्या आतलं खातं आलं की चौकशी करायची, लगेच बाद करायचं नाही.

मोबाइलवरून खेळणारे गायझर आणि फ्लडगेट या त्यांना आत घेणाऱ्या प्लगिनांमार्फत येत असतील तर आणखी एक सापळा. फ्लडगेट त्यांच्या नावापुढे सहसा टिंब लावतं आणि यूयूआयडी वेगळा देतं. घरी कॉम्प्युटरवर गेमची जावा आवृत्ती, कॉलेजात मोबाइलवर बेडरॉक आवृत्ती, असा एकच गडी यादीत दोनदा येतो. त्याची लबाडी नसते, तुमची यादी कच्ची असते. फ्लडगेटमध्ये दोन खाती जोडायची सोय आहे. यादी करण्याआधी आठवडाभर सगळ्यांना ती जोडायला सांगा.

आयपी पत्ता सारखा आहे म्हणून मत बाद करू नका. एका घरात दोन भावंडं, हॉस्टेलच्या एका खोलीत चौघं, आणि मोबाइल नेटवर्कवर तर एकमेकांना न ओळखणारे असंख्य लोक एकाच पत्त्यामागे असतात. सारखा आयपी हे विचारपूस करायचं कारण आहे, शिक्षा करायचं नव्हे. आणि आधार, फोन नंबर, शाळेचं ओळखपत्र यातलं काहीही मागायचं नाही. निम्मे मतदार अठराच्या आतले असतात. त्यांची माहिती गोळा करून सांभाळायची जबाबदारी आपल्याला झेपणारी नाही, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात त्यासाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

आता टाउनीतली एक गोम, जी बहुतेकांना उशिरा कळते. गावाचा कर भरायला खात्यात पैसे नसतील तर रहिवासी गावातून आपोआप बाहेर पडतो. ‘पेठेचा रहिवासी तो मतदार’ असा नियम असेल तर पेठप्रमुखाने निवडणुकीच्या तोंडावर कर चढवायचा, गरीब विरोधक रात्रीतून बाहेर, आणि सकाळी यादीत नाव नाही. कोणी कोणाला हाकललेलंही दिसत नाही, प्लगिननेच केलं म्हणायचं. दोन उपाय, दोन्ही करा. यादी गोठल्यावर तिच्यातलं नाव गाव सुटल्यामुळे जाणार नाही असं लिहा, आणि घोषणेपासून निकालापर्यंत कर वाढवायला बंदी घाला. टाउनीच्या सेटिंगमध्ये कराची कमाल मर्यादा असते, तीही एकदा बघून घ्या.

कच्ची यादी लावा, हरकतींना तीन दिवस द्या, मग पक्की. हरकत ज्याने घेतली त्याचं नाव उघड असलं पाहिजे. निनावी हरकती घेतल्या की पेठांमधलं जुनं उट्टं यादीवर निघतं. शाहू स्टेडियमवर तालमींची फुटबॉल मॅच झालेल्या आठवड्यात तर विचारूच नका.

मग मतदान. डिस्कॉर्डचा पोल नको. कोणी कोणाला मत दिलं ते त्यात सगळ्यांना दिसतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलचंही तेच. पहिल्या तासात एक नाव पुढे गेलं की मागचे पंधरा जण त्याच्यामागे जातात, आणि लहान पोरं मोठ्या भावाच्या धाकाने बोट ठेवतात. पसंतीक्रमही त्यात देता येत नाही. कार्यक्रम शनिवारी की रविवारी, एवढ्यापुरता पोल उत्तम.

गुप्त मतदानाची साधी पद्धत अशी. दोन माणसं लागतात, दोघंही उमेदवार नसलेली, आणि शक्यतो वेगवेगळ्या पेठांतली. पहिला पक्क्या यादीतल्या प्रत्येकासाठी सहा अक्षरांचा एक संकेतांक तयार करतो आणि ज्याचा त्याला खाजगी संदेशाने पाठवतो. शून्य आणि ओ, एक आणि आय यांचा घोळ होतो, ती अक्षरं वगळा. दुसऱ्याकडे गूगल फॉर्म. त्यात दोनच गोष्टी: संकेतांक आणि पसंतीक्रम. ईमेल गोळा करायची सोय बंद. दुसऱ्याला फक्त वैध संकेतांकांची यादी मिळते, नावं मिळत नाहीत. पहिल्याला मतं दिसत नाहीत. एकाच संकेतांकावर दोन मतं आली तर शेवटचं धरायचं, हे आधी जाहीर करा. पहिलं धरायचा नियमही चालतो, पण शेवटचं धरलं तर ज्याच्या खांद्यावरून कोणी डोकावत होतं त्याला नंतर आपलं मत बदलता येतं.

निकालाबरोबर संकेतांकांसह सगळी मतं प्रसिद्ध करायची, नावांशिवाय. ज्याने त्याने आपली ओळ शोधून बघावी. या पद्धतीत दोन कच्चे दुवे आहेत. ते दोघं एकत्र आले तर गुप्तता गेली; आणि कोणी आपला संकेतांक दाखवून ‘बघ, तुलाच दिलं’ असं सिद्ध करू शकतो. पन्नास जणांच्या सर्व्हरवर एवढी जोखीम घ्यायला हरकत नाही. इतिहासात याहून कितीतरी ढिसाळ प्रकार झालेत: २००४ मध्ये सिम्स ऑनलाइनच्या अल्फाव्हिल शहरात खेळाडूंनीच अध्यक्षपदाची निवडणूक घेतली, आणि मतदानातल्या गडबडीच्या आरोपांची चर्चा बाहेरच्या वृत्तमाध्यमांपर्यंत गेली.

मोजणी पसंतीक्रमाची करा. का, ते आकड्यांतच बघू. समजा ४३ वैध मतं पडली आणि चार उमेदवार आहेत. पहिल्या पसंतीत कटवडा १७, रेडस्टोनराजा १३, बत्तासा ९, गुळाचीढेप ४. साध्या बहुमताने कटवडा महापौर. पण ४३ पैकी २६ जणांची पहिली पसंती तो नव्हता. पसंतीक्रमात काय होतं? सर्वांत मागचा गुळाचीढेप बाद. त्याच्या चार मतांपैकी दोघांची दुसरी पसंती रेडस्टोनराजा, एकाची बत्तासा, एकाने पुढे काही लिहिलेलंच नाही. आता १७, १५, १० आणि एक मत संपलेलं. बत्तासा बाद. त्याच्या दहा मतांतली सात रेडस्टोनराजाकडे, दोन कटवड्याकडे, एक संपलं. शेवट २२ विरुद्ध १९, रेडस्टोनराजा विजयी.

यात तीन गोष्टी आधी लिहून ठेवायच्या असतात. बहुमत कशाचं: एकूण मतांचं की प्रत्येक फेरीत जिवंत राहिलेल्या मतांचं? वरच्या उदाहरणात २२ हे दोन्हीकडून बहुमत आहे, पण नेहमी तसं नसतं; जिवंत मतांचं धरा, नाहीतर मोजणी अडकते. दुसरं, बाद करताना दोघं समान असतील तर आधीच्या फेरीत कमी मतं असलेला बाद. तिथेही समान असतील तर चिठ्ठी. तिसरं, शेवटच्या दोघांत बरोबरी झाली तर चिठ्ठी, व्हॉइस चॅनेलवर, दोन्ही उमेदवारांसमोर. आपल्याकडच्या स्थानिक निवडणुकांतही समसमान मतांना चिठ्ठीच असते, त्यामुळे ती कोणाला खटकत नाही.

महापौराबरोबर चार जणांचं मंडळही निवडायचं असेल तर तेच पसंतीक्रम वापरा, फक्त कोटा लागतो: वैध मतांना जागांपेक्षा एकने मोठ्या आकड्याने भागायचं, अपूर्णांक सोडायचा, एक मिळवायचा. ४३ भागिले ५ म्हणजे ८, अधिक एक, कोटा ९. यामुळे २५ मतदारांची मोठी पेठ चारही जागा उचलू शकत नाही.

वेळापत्रक बारा-तेरा दिवसांत बसतं. घोषणा आणि कच्ची यादी एकाच दिवशी, हरकतींना तीन दिवस, मग पक्की यादी आणि दोन दिवस अर्ज. सूचक-अनुमोदक असे दोन वेगळ्या पेठांतले हवेत. सहाव्या दिवशी छाननी आणि माघार, तीन दिवस प्रचार, शुक्रवारी रात्री नऊ ते रविवारी रात्री नऊ मतदान, मग लगेच मोजणी आणि चोवीस तास हरकतीला. मतदान ४८ तासांचं असावं, कारण पावसाळ्यात लाइट जाते, शिरोलीच्या एमआयडीसीत पाळी करणारे असतात, आणि क्लासची पोरं रात्रीच मोकळी होतात. जोतिबाची चैत्र यात्रा, गणपती विसर्जन आणि विद्यापीठाच्या परीक्षा या दिवसांत तारीख धरू नका.

प्रचाराचे नियम थोडक्यात ठेवा. प्रत्येक पेठेत एक फलक, दुसऱ्याच्या प्लॉटवर त्याला विचारल्याशिवाय काही नाही, आणि गेममधलं महागडं नेदराइट किंवा हिरे वाटायचे नाहीत. खरे पैसे कुठल्याही रूपात नको: मतासाठी नको, पैज म्हणून नको, आणि पद विकायला तर नाहीच. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, आणि खेळात फायदा देणारी गोष्ट पैशाने विकणं माईनक्राफ्टच्या सर्व्हर-नियमांतही बसत नाही.

एकच अर्ज आला तर ‘बिनविरोध’ म्हणून गुलाल उधळायची आपली सवय. इथे तसं करू नका, हो किंवा नाही असं मतदान घ्या. निम्म्यांनी नाही म्हटलं तर जागा महिनाभर रिकामी, तोपर्यंत पेठप्रमुखांनी आळीपाळीने बघावं. नियमित खेळाडू पंधराच्या खाली असतील तर निवडणुकीच्या भानगडीतच पडू नका. तीस-तीस दिवसांची पाळी लावा.

मुदत साठ दिवस ठीक. त्याहून कमी केली की रस्त्याचं एक काम पूर्ण होत नाही, जास्त केली की पोरं गेम सोडून जातात. अविश्वासाला पहिले पंधरा दिवस बंदी, मग पक्क्या यादीच्या एकतृतीयांश सह्या, आणि मतदानात निम्म्याहून जास्त यादीने भाग घेऊन त्यातल्या दोनतृतीयांशांनी बाजूने मत दिलं तर पद रिकामं. मुदतीत एकदाच. दहा दिवस न कळवता गायब असलेला महापौर आपोआप उतरतो.

पद रिकामं झालं तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला सरळ बसवू नका. पसंतीक्रमाचा फायदा इथे आहे: गेलेल्याचं नाव सगळ्या मतपत्रिकांवरून वगळून तीच मतं पुन्हा मोजायची. पहिल्या तीस दिवसांत गेला तर पुनर्मोजणी, त्यानंतर गेला तर राहिलेले दिवस पेठप्रमुखांकडे. आणि राजीनामा देऊन पद आपल्या माणसाला देण्याचा करार नियमांतच अवैध ठरवा. पदाची खांडोळी, म्हणजे एकच मुदत अनेकांत वाटून घेणं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

निकालाच्या रात्रीचं काम मात्र मालकानेच करायचं. मतदान सुरू होण्याआधी जगाचा आणि टाउनीच्या डेटाचा पूर्ण बॅकअप. घोषणेपासून हस्तांतरापर्यंत महापालिकेच्या बँकेतून पैसे काढणं बंद. हस्तांतराला नवा-जुना महापौर आणि खजिनदार, तिघं एकाच वेळी सर्व्हरवर हवेत. बँकेचा आकडा वाचून दाखवायचा, मग कोठारातल्या पेट्या. डबल चेस्टमध्ये ५४ खाने, ६४ च्या गड्डीने भरली तर ३,४५६ नग; शल्कर बॉक्स या मालासकट उचलून नेता येणाऱ्या पेटीत २७ खाने, आणि तो पेटीत ठेवलेला असला तर उघडूनच मोजायचा, वरून तो एकच नग दिसतो. बीकन किती, गावकऱ्यांच्या बाजारात कुठले व्यापारी जिवंत आहेत, तेही लिहायचं. सार्वजनिक माल एंडर चेस्टमध्ये ठेवायला पहिल्या दिवसापासून बंदी असू द्या. ती पेटी प्रत्येकाला स्वतःचीच उघडते, त्यामुळे जुन्या महापौराने आत काय ठेवलं होतं ते समोर उभं राहूनही नव्याला दिसत नाही.